तीन रात्री म्हणजे तेरा सेकंद

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक रिपोर्ट लिहिला. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, तरी रिपोर्ट खोटा होता. हे कळायला मला आठ महिने लागले आणि कळल्यावर तोंड उघडायला आणखी तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांबद्दल लिहायचं आहे, पण त्यासाठी आधी आमचं काम काय होतं ते थोडं सांगावं लागेल.

मोबाइलचे दोन टॉवर एकमेकांशी कसे बोलतात? बऱ्याच ठिकाणी जमिनीखालून फायबर गेलेली असते. जिथे खोदणं जमत नाही किंवा परवडत नाही, तिथे एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरकडे नेम धरून रेडिओ लिंक लावतात. तुमचा व्हिडिओ कॉल, कुणाचं पेमेंट, कुणाचं रील, सगळं शून्य आणि एकच्या रूपात तिच्यातून धावतं. आम्ही ज्या लिंकवर काम करत होतो तिचा वेग होता सेकंदाला १०० कोटी बिट. हवेतून जाताना सिग्नलमध्ये नॉइज मिसळतो आणि एखाद्या शून्याचा एक होतो, एखाद्या एकाचा शून्य. म्हणून पाठवतानाच काही जादा बिट जोडतात. पलीकडचा डीकोडर त्या जादा बिटांवरून ताळा करतो आणि चुका दुरुस्त करतो. तरीही एखादी चूक निसटतेच. कस्टमरची अट होती की अशा निसटलेल्या चुका दहा हजार कोटी बिटांमागे एकाहून जास्त नकोत.

माझं काम हे तपासायचं होतं. हार्डवेअर अजून तयार नव्हतं, त्यामुळे सगळं सिम्युलेशनमध्ये. प्रोग्रॅम स्वतःच बिट तयार करतो, त्यांच्यात रँडम नॉइज मिसळतो, डीकोडरला देतो आणि बाहेर आलेले बिट मूळ बिटांशी जुळतात का ते पाहतो. माझ्या मशीनवर हे सगळं सेकंदाला सुमारे एक लाख बिट या वेगाने चालायचं. रोज संध्याकाळी घरी निघताना रन लावायचा आणि सकाळी येऊन बघायचं. अशा बारा-बारा तासांच्या तीन रात्री झाल्या. १२९६ कोटी बिट. चुका : ०.

टीम लीड माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"शून्य आलं ना? मग लिही, रिक्वायरमेंट मीट."

"सर, पण तेवढे बिट चालवलेलेच नाहीयेत अजून."

"अरे, तीन रात्री मशीन चालू होतं. अजून किती चालवणार? शुक्रवारी रिपोर्ट जायचाय."

मी लिहिलं. 'तीन रात्री सिम्युलेशन केलं, एकही चूक आढळली नाही, अट पूर्ण.' पहिली दोन वाक्यं शंभर टक्के खरी होती. त्या शुक्रवारी आम्ही मिसळ खायला गेलो.

आता साधा हिशेब. खरी लिंक सेकंदाला १०० कोटी बिट पाठवते. म्हणजे माझ्या तीन रात्री हे त्या लिंकचं जेमतेम तेरा सेकंदांचं आयुष्य. ती लिंक पुढची दहा वर्षं टॉवरवर राहणार होती. कुणी तुम्हाला म्हणालं, "या मुलाला मी तेरा सेकंद ओळखतो, कधी खोटं बोलला नाही," तर तुम्ही हसाल. पण 'तीन रात्री' म्हटलं की कष्ट दिसतात, जागरण दिसतं, आणि कष्टाला आपण फार लवकर प्रामाणिकपणा समजतो.

बरं, मग शून्य चुका दिसल्या याचा अर्थ तरी नेमका काय? यासाठी एक सोपा नियम आहे, तीनचा नियम. तुम्ही अमुक इतके बिट तपासले आणि एकही चूक दिसली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकांचा दर 'तीन भागिले तपासलेले बिट' यापेक्षा कमी आहे. कारण दर बरोबर तेवढा असता, तर एकही चूक न दिसण्याची शक्यता फक्त पाच टक्के उरते. (प्रत्येक चूक स्वतंत्रपणे घडते असं इथे धरलंय. डीकोडरच्या चुका घोळक्याने येतात, त्यामुळे प्रत्यक्षात आपली स्थिती आणखीच कच्ची असते.) माझ्या १२९६ कोटींना हा नियम लावला तर उत्तर येतं : ४३२ कोटींत एकापेक्षा कमी. कस्टमरला हवं होतं दहा हजार कोटींत एक. माझ्या शून्यात जेवढा दम होता त्याच्या तेवीसपट दावा मी केला होता.

मला या नियमाची गोडी वाटते ती त्यातल्या सभ्यपणामुळे. 'चूक नाही' असं तो कधीच म्हणू देत नाही. 'इतकं पाहिलं, म्हणून इतकंच म्हणतो,' एवढंच म्हणू देतो.

मग जास्त पाहावं, हे उत्तर सुचतं. शून्य चुकांच्या भरवशावर अट पूर्ण झाली असं म्हणायला तीस हजार कोटी बिट लागले असते, म्हणजे त्या मशीनवर दिवसरात्र साधारण ३५ दिवस. आणि दर नुसता 'यापेक्षा कमी' न सांगता नीट मोजायचा असेल, तर शंभर एक चुका तरी हाती लागाव्या लागतात. दर बरोबर अटीएवढा असेल तर त्याला तीन वर्षांहून जास्त काळ. डेडलाइन मात्र शुक्रवारची.

इथे एक जुना प्रश्न उभा राहतो. डब्ल्यू. के. क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, तपासायला हवं, अशी शंका त्याच्या मनात येते. पण खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो : इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल. जहाज प्रवाशांसह बुडतं. क्लिफर्डचा खरा मुद्दा पुढे आहे : समजा जहाज बुडालं नसतं, तरी मालक तितकाच दोषी. कारण दोष परिणामात नाही, ज्या रीतीने त्याने स्वतःची खात्री करून घेतली तिच्यात आहे.

हे मला पटतं. पण क्लिफर्डच्या मालकापुढचा मार्ग सरळ होता : जहाज गोदीत घे, फळ्या तपास. आमच्यासारख्यांपुढे अडचण वेगळी आहे. चूक इतकी दुर्मीळ असेल की ती दिसेपर्यंत थांबणं माणसाला शक्यच नाही, तर 'पुरेसं तपासलं' असं कधी म्हणायचं?

याचं एक उत्तर इंजिनिअरिंगकडे आहे, आणि गंमत म्हणजे ते पत्त्यांच्या डावाजवळून निघालं. १९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हा गणितज्ञ आजारातून उठत होता. तो पेशन्स खेळायचा. डाव जमण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा पुष्कळ डाव खेळून किती जमले ते मोजावं, असं त्याला सुचलं. या पद्धतीला पुढे माँटे कार्लो नाव पडलं. माझ्या तीन रात्री म्हणजे हीच पद्धत. पण तेव्हाच्या अणुसंशोधनात लगेच अडचण आली. जाड भिंतीतून किती न्यूट्रॉन आरपार जातात? कोट्यवधी न्यूट्रॉन सोडले तरी एखादाच पार व्हायचा. मग युक्ती निघाली : न्यूट्रॉनला मुद्दाम भिंतीच्या दिशेने ढकलायचं आणि जितकं ढकललं तितकं त्याचं मोल हिशेबात कमी धरायचं. हे इम्पॉर्टन्स सॅम्पलिंग. १९८० मध्ये के. सॅम शन्मुगन आणि फिलिप बलाबान यांनी हीच कल्पना डिजिटल कम्युनिकेशनमधल्या एरर रेटच्या सिम्युलेशनसाठी मांडली.

नाण्यावर करून पाहू. सलग वीस वेळा छापा पडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून किंचित कमी, नेमकं म्हणजे १०,४८,५७६ त एक. साध्या नाण्याने एक हजार डाव खेळलात, प्रत्येक डावात वीस फेकी, तर जवळपास नक्कीच शून्य दिसेल. आता एक लबाड नाणं घ्या, ज्यावर ९० टक्के वेळा छापाच पडतो. हजार डावांत सुमारे १२२ वेळा वीसच्या वीस छापे येतील. अर्थात ही शक्यता खरी नाही, आपण नाणं वाकवलंय. म्हणून अशा प्रत्येक डावाला पूर्ण एक न मोजता त्याचं वजन लावायचं : खऱ्या नाण्याने तसं घडण्याची शक्यता भागिले लबाड नाण्याने घडण्याची शक्यता. ते वजन येतं दहा लाखांत ७.८४. आता १२२ गुणिले ७.८४, भागिले १०००. उत्तर : दहा लाखांत ०.९५६. खरं उत्तर ०.९५४. दहा लाखांत एकदा घडणारी गोष्ट हजार डावांत मोजून झाली.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, ही फसवाफसवी आहे. नाणं वाकवायचं आणि वर प्रामाणिक म्हणवून घ्यायचं? विचार केल्यावर उलटं वाटलं. माझ्या तीन रात्रींत डीकोडरला बहुतेक वेळ जो नॉइज मिळत होता तो तो सहज पचवणारच होता. सोपे प्रश्न विचारत मी रात्री घालवल्या आणि त्यांना तपासणी म्हटलं. या पद्धतीत मी स्वतःच्याच कामाच्या विरोधात पत्ते लावतो. चूक जिथे होण्याची शक्यता जास्त, तिथेच जाऊन उभा राहतो. आणि सापडलेल्या चुकीला तिच्या खऱ्या वजनाएवढंच महत्त्व देतो, जास्तही नाही, कमीही नाही. या दोन गोष्टी एकत्र असल्या तरच ती पद्धत. नुसतं शोधणं म्हणजे आरडाओरडा, आणि नुसतं वजन म्हणजे माझा जुना रिपोर्ट.

आठ महिन्यांनी, दुसऱ्या प्रोजेक्टवर असताना, मी हे आमच्या जुन्या डीकोडरवर करून पाहिलं. नुसती हौस म्हणून. तो डीकोडर एलडीपीसी प्रकारच्या कोडचा होता. हे कोड रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या सुमारास शोधले, मग ते बराच काळ विस्मरणात गेले, आणि आज ५जीमध्ये तुमचा डेटा त्यांच्याच भरवशावर येतो. त्यांत बिट एकमेकांना निरोप पाठवतात : 'माझ्या मते तू शून्य आहेस,' 'माझ्या मते तू एक.' बहुतेक वेळा काही फेऱ्यांत सगळे बरोबर उत्तरावर येतात. सिग्नल सुधारला की चुका धबधब्यासारख्या वेगाने कमी होतात. पण एका पातळीनंतर काही कोडमध्ये तो उतार अचानक सपाट होतो. याला एरर फ्लोअर म्हणतात. टॉम रिचर्डसन यांनी २००३ मध्ये त्यामागच्या गटांना ट्रॅपिंग सेट हे नाव दिलं. मोजक्या बिटांचा एक छोटा कंपू असतो. ते सगळे एकदम चुकले की एकमेकांनाच 'तू बरोबर आहेस' असं सांगत राहतात. बाहेरून येणारे बरोबर निरोप त्या कंपूत टिकत नाहीत. कितीही फेऱ्या झाल्या तरी चूक सुटत नाही.

मी नॉइजला असल्या कंपूंच्या दिशेने ढकललं आणि वजनं लावून बेरीज केली. दर आला साधारण दोन हजार कोटी बिटांत एक. अटीपेक्षा पाचपट वाईट. खऱ्या लिंकवर दर १०० सेकंदांना एकऐवजी दर २० सेकंदांना एक चूक. आणि अशा डीकोडरवर माझ्या तीन रात्रींत शून्य चुका दिसण्याची शक्यता? निम्म्याहून थोडी जास्तच. माझा 'पुरावा' म्हणजे एकदा नाणं उडवून छापा पडल्यासारखं होतं.

तीन आठवडे मी गप्प बसलो. मनात जे चालू होतं ते सगळं फार शहाण्यासारखं होतं. चुकलेलं पॅकेट बहुतेक वेळा पुढच्या ताळ्यात पकडलं जातं आणि पुन्हा मागवलं जातं. कुणी मरणार नाही. कुणाला कळणारही नाही. तो प्रोजेक्ट आता माझ्याकडे नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तेव्हाच मला तो रिपोर्ट आठवला. त्यातलीही वाक्यं खरीच होती.

शेवटी सांगितलं. लीड बराच वेळ ग्राफ बघत राहिले. मग म्हणाले, "हे तेव्हाच का नाही बोललास?"

"तेव्हा माहीत नव्हतं, सर."

हे अर्धंच खरं होतं. चूक आहे हे मला माहीत नव्हतं. आपण पाहिलेलं नाही, हे पक्कं माहीत होतं. क्लिफर्डचा मालक नेमका इथे उभा आहे. न कळल्याची माफी मिळू शकते, पण न पाहिल्याचं आपल्याला माहीत असतं आणि आपण ते 'आढळलं नाही' या शब्दांखाली झाकतो.

सर रागावले नाहीत, हे मला जास्त लागलं. कस्टमरला कळवलं, डीकोडरमध्ये छोटा बदल झाला, वेळापत्रक दोन महिने पुढे गेलं. नवा रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडेच आलं, आणि तेव्हा पद्धतीतला सर्वांत मोठा खड्डा दिसला.

पुन्हा नाण्याकडे या. समजा 'चूक' दोन प्रकारे होऊ शकते : सलग वीस छापे किंवा सलग वीस काटे. मला फक्त छापा सुचला, म्हणून मी नाणं छाप्याकडे वाकवलं. त्या नाण्यावर वीस काटे कधीच पडणार नाहीत. माझं उत्तर खऱ्याच्या निम्मं येईल. आणि वाईट गोष्ट अशी, की आकडे अगदी स्थिर दिसतील. दहा वेळा रन केला तरी जवळपास तेच उत्तर. जे मी पाहिलंच नाही ते माझ्या उत्तरात गोंधळही घालत नाही, त्यामुळे खात्री वाढते. उपाय आहे : अर्धे डाव उलट वाकलेल्या नाण्याने खेळायचे. पण त्यासाठी काटाही असतो हे आधी कुणाला तरी सुचायला हवं. मी ज्या कंपूंकडे नॉइज ढकलला ते मला माहीत असलेले कंपू होते. म्हणून नव्या रिपोर्टात लिहिलं : 'माहीत असलेल्या ट्रॅपिंग सेटपुरता हा अंदाज, खरा दर याहून कमी नसावा, जास्त असू शकतो.' लीडनी ते वाक्य काढलं नाही.

तेव्हापासून मला शून्याची सवय लागलीय. जिथे शून्य दिसतं तिथे विचारतो, किती पाहिलं? २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि दरवर्षी किती तक्रारी आल्या ते कळवावं लागतं. 'तक्रारी : ०' वाचून आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण किती जणींना कुणी जाऊन विचारलं? आणि ऑफिसच्या ईमेलवर सर्व्हे पाठवला असेल, तर ज्यांना ऑफिसचा ईमेलच नाही त्या हाउसकीपिंगच्या मावशींचं काय? तो आपल्या नाण्याचा काटा आहे. आकडा स्थिर येईल, दरवर्षी शून्य.

उलट बाजूही आहे, आणि ती आपल्या हातातच असते. फोनवरची फीड दुर्मीळ आणि भयंकर गोष्टी शोधून शोधून समोर आणते. म्हणजे नाणं वाकवायचं काम ती चोख करते, पण वजन लावत नाही. मग शंभर व्हिडिओ पाहिल्यावर एखादा समाज, एखादं शहर, सगळे पुरुष, सगळ्या सुना अशाच असतात असं वाटायला लागतं. शून्यावर विसावणारा आणि फीडवर घाबरलेला, दोघांनीही हिशेबाचा एकेक अर्धा भागच केलेला असतो.

आणि 'दुर्मीळ आहे, सोड' असं म्हणण्याआधी गुणाकार करावा. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने एका महिन्यात १००० कोटी व्यवहार ओलांडले. अशा ठिकाणी कोटीत एक होणारी चूक म्हणजे महिन्याला हजार माणसं. त्यातल्या प्रत्येकासाठी तो दर कोटीत एक नसतो. त्याचे पैसे अडकलेले असतात, आणि काउंटरपलीकडचा माणूस म्हणत असतो, "आमच्याकडे असं कधी होत नाही."

तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या तेरा सेकंदांत तसं खरंच झालेलं नसतं.